शिष्यवृत्ती : पुरी आणि अपुरी

एका विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्हाला लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ येथे जाण्याचा योग आला. व्याख्यान झाले, प्रश्नोत्तरे सुरू झाली. कृष्णविवरे, परग्रहावरील जीवसृष्टी हे नेहमीचे प्रश्न येऊन गेले आणि मग अकरावीतील एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, ‘‘शिक्षणाचा सगळाच खर्च भागेल अशी शिष्यवृत्ती आपल्याकडे मिळते का? की नुसती फी माफ होते?’’ तिला दहावीला नव्वदच्या वर टक्के होते, असे तिच्या शिक्षकांनी मागाहून सांगितले. आम्ही चार-दोन योजनांची नावे सांगून वेळ निभावून नेली. परतीच्या एसटीत मात्र लक्षात आले, की प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आम्ही नीट ऐकलाच नव्हता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला थोड्या उशिराने दिलेले उत्तर आहे. त्यासाठी जरा इतिहासात शिरावे लागेल. कारण ‘पुरी’ आणि ‘अपुरी’ शिष्यवृत्ती यांतला फरक आपल्याकडे दीडशे-दोनशे वर्षांपासून अनेकांच्या आयुष्यात उतरलेला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका. गावातील जोशीपण, कुलकर्ण पूर्वी ज्या अर्थाने ‘वृत्ती’ होते, त्याच अर्थाने शिकणाऱ्याची उपजीविका ती शिष्यवृत्ती. म्हणजे शब्दातच पोटाची सोय आहे. बक्षीस ही वेगळी गोष्ट. बक्षीस झालेल्या कामाबद्दल मिळते आणि ते एकदाच मिळते. वृत्ती पुढे करायच्या कामासाठी असते आणि ते काम पुरे होईपर्यंत चालावी लागते. आज शाळेच्या फळ्यावर आपण ‘शिष्यवृत्तीधारक’ म्हणून जी नावे लिहितो, त्यांतील बहुतेकांना खरे तर बक्षीस मिळालेले असते. चौथी-सातवीच्या (२०१६-१७ पासून पाचवी-आठवीच्या) शासकीय शिष्यवृत्ती परीक्षेची रक्कम वर्षानुवर्षे इतकी थोडी होती, की मुलाच्या गणवेशाचाही खर्च तीतून निघत नसे. त्या परीक्षेचे मोल नाही असे नव्हे. पण तिला शिष्यवृत्ती म्हणताना आपण शब्दाचा अर्थ निम्म्यावर आणला.

महाराष्ट्रात विद्वत्तेसाठी सार्वजनिक पैसा खर्च होण्याची जुनी परंपरा म्हणजे पेशव्यांची श्रावणमासातील दक्षिणा. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरचे शास्त्री-पंडित जमत. १८१८ मध्ये पेशवाई गेली, तरी एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्याच पैशातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. हा पैसा ब्राह्मणांतील पारंपरिक पंडितांपुरता होता. तो कुणाला आणि कशासाठी द्यावा, यावर पुढे वाद झाला. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी आणि त्यांच्या मित्रांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. पुण्यात मोठा क्षोभ झाला. अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी आणि पुढे कॉलेजांतील ‘दक्षिणा फेलो’ ही पदे निघाली. महादेव गोविंद रानडे हे असे दक्षिणा फेलो होते. देवळाच्या आवारातला पैसा विद्यापीठाच्या आवारात आला तो असा, भांडून. गुणवत्ता कशाला म्हणायचे हा प्रश्न पैशाच्या वाटपाबरोबरच येतो, हे त्या वेळीच दिसून आले होते.

दक्षिणा सर्वांना मिळण्यासारखी नव्हती. सामान्य गरीब विद्यार्थी शिकला तो माधुकरीवर आणि वारांवर. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे आठवड्याचे सात वार लावून जेवायचे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास किंवा चुरमुरे. या व्यवस्थेचे कौतुक आपण पुष्कळ ऐकतो. तिच्यात माणुसकी होती हे खरेच. पण वार मिळे तो जात पाहून. ज्याला घराच्या आतच घेत नसत, त्याला वार कोण देणार? पैसा थोडा असला तरी शिक्षण होते, असे जे आपण पूर्वीच्या थोर माणसांचे दाखले देऊन म्हणतो, त्यात हा अदृश्य पैसा धरायचा राहून जातो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहे काढण्याचा सपाटा लावला, त्याचे मर्म इथे आहे. फी माफ करण्यापेक्षा झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण ही मोठी अडचण आहे, हे त्यांनी ओळखले होते.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांना वार लावून भागण्यासारखे नव्हते. तिथे शिष्यवृत्ती पुरी असली तरच उपयोग. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर १८९६ मध्ये केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. हे सर्वांना ठाऊक असते. त्यामागचे थोडे कमी सांगितले जाते. शाळा-कॉलेजच्या काळात त्यांना आधार होता तो नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांच्या घराचा. म्हणजे शिष्यवृत्ती मिळण्याच्या पायरीपर्यंत पोचवणारे घर आधी लाभले होते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभा केला, तो मात्र जाणूनबुजून कर्जाऊ ठेवला. शिकून आलेल्याने फेडायचे आणि त्यावर पुढच्याने जायचे. जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले ते याच टाटा शिष्यवृत्तीवर. या व्यवस्थेत एक स्वाभिमान आहे. पण ज्याच्या घरी आधीच सावकाराचे देणे आहे, त्याला ‘कर्जाऊ’ हा शब्द वाचूनच अर्ज बाजूला ठेवावासा वाटतो, हेही शिक्षकांना सांगायला नको.

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळू.

मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या काळी सर्वांत मानाची शिष्यवृत्ती म्हणजे नाना शंकरशेट यांच्या नावाची, संस्कृतमधील गुणांबद्दल दिली जाणारी. १९१२ साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे ते केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले, वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या गुणवत्तेबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. पण त्यांच्याआधी पाच वर्षे, १९०७ साली, त्याच मुंबईतून भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिकला बसला होता. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्याला संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकवले गेले नाही. त्याला फार्सी घ्यावी लागली. शंकरशेट शिष्यवृत्तीच्या नियमांत जातीचा उल्लेख असण्याची गरजच उरली नाही. वर्गातच दार बंद झाले होते. गुणवत्तेची स्पर्धा सर्वांना खुली आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तिच्या आधीची ही लहानशी दारे तपासून पाहिली पाहिजेत.

या विद्यार्थ्याला मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या हिशेबाने हे साडेसदतीस टक्के होतात. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. आजच्या कोणत्याही गुणवत्ता शिष्यवृत्तीची पहिली चाळणी या गुणांवर तो विद्यार्थी ओलांडू शकला नसता. पुढे त्याच मुलाने कोलंबिया आणि लंडन येथून अर्थशास्त्रातील दोन डॉक्टरेट मिळवल्या. गुणपत्रिका खोटी नव्हती. परळच्या चाळीतील एका खोलीत, गोंगाटात, पहाटे दिव्यावर अभ्यास करून जे साधले ते तिने मोजले. त्याच्या आवाक्यात काय येऊ शकते, ते मोजणे तिला शक्य नव्हते.

ते पाहिले एका शिक्षकाने. कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक. म्हणजे आंबेडकर त्यांच्या शाळेचे विद्यार्थीसुद्धा नव्हते. संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत केळूसकर वाचत बसत. तिथेच हा मुलगाही पुस्तक घेऊन येई. तिथे ओळख झाली. मॅट्रिक झाल्याबद्दल सत्कार झाला, तेव्हा केळूसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ही भेटीची गोष्ट पुष्कळ सांगितली जाते. आम्हाला त्यांची पुढची कामगिरी अधिक महत्त्वाची वाटते. वडिलांना, रामजी सुभेदारांना कॉलेजचा खर्च झेपेना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईच्या टाउन हॉलमधील सभेत, लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करू, असे जाहीर केले होते. टाळ्या पडल्या असतील, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील. केळूसकरांनी त्या आश्वासनाची आठवण ठेवली, महाराजांकडे शब्द टाकला आणि मुलाला मुलाखतीसाठी समोर नेऊन उभे केले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. झाले ते या पंचवीस रुपयांवर.

या प्रसंगात तीन माणसे आहेत. पैसा देणारा, शिकणारा आणि दोघांना एकमेकांची माहिती असलेला तिसरा. शिष्यवृत्तीच्या इतिहासात पहिल्या दोघांची नावे राहतात. तिसऱ्याशिवाय मात्र ते दोघे एकाच शहरात असूनही भेटले नसते.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्याबद्दल करार झाला, की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. त्या वेळी एका पौंडाला १५ रुपये असा दर होता. म्हणजे महिन्याला सुमारे १७२ रुपये, वर्षाला १३८ पौंड किंवा दोन हजार सत्तर रुपये. डॉलरमध्ये महिन्याला साधारण ५६. मुलांकडून हे त्रैराशिक वर्गात करून घेण्यासारखे आहे. यातून राहणे, जेवण, पुस्तके भागवायची आणि यातूनच घरीही पैसे पाठवायचे. कारण वडील फेब्रुवारी १९१३ मध्येच वारले होते आणि मुंबईतले कुटुंब मागे होते. कमावता होऊ शकणारा तरुण शिकायला जातो, तेव्हा घराचे उत्पन्नही बुडते. हा खर्च कोणत्याही शिष्यवृत्तीच्या तक्त्यात नसतो. गरीब घरात तोच सर्वांत मोठा असतो.

तरीही ही शिष्यवृत्ती त्या मानाने पुरीच म्हटली पाहिजे. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध वाचला, डॉक्टरेटसाठी प्रबंध सिद्ध केला आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला. इथे शिष्यवृत्तीची मुदत संपली. काम अर्धे राहिले होते. संस्थानाशी करार होता, त्याप्रमाणे परत यावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवून ते १९१७ मध्ये भारतात परतले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेतून त्यांना कसे बाहेर काढले गेले, तो प्रसंग वाचकांना माहीत असेल. शिष्यवृत्तीने माणूस कोलंबियापर्यंत नेला. परत आल्यावर बडोदा शहरात एक खोली मिळवून देणे तिच्या हातात नव्हते.

पुढचा हिशेब थोडक्यात असा. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांवर प्राध्यापकी, त्यातून काटकसरीने साठवलेली पुंजी, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य, अशा तीन तुकड्यांची जुळणी करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्‌सी. झाली. कोलंबियाची पीएच.डी. हातात पडायला तर १९२७ साल उजाडले. कारण पदवीसाठी प्रबंध छापून प्रती सादर कराव्या लागत आणि तो ग्रंथ छापला गेला १९२५ मध्ये. तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला आहे. शिष्यवृत्ती संपल्यापासून शिक्षण संपेपर्यंत मध्ये गेलेली ही वर्षे, हा शिष्यवृत्ती थोडी कमी पडल्याचा खर्च आहे. आंबेडकरांनी तो सोसला. सर्वांना ते साधले नसते, आणि ज्यांना साधले नाही त्यांची नावे आपल्याला माहीतच नाहीत.

हे सर्व मुंबई इलाख्यातले झाले. आमचा मूळ प्रश्न आला होता शिरूर अनंतपाळहून. तिकडे त्या वेळी काय होते? हे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात होते. संस्थान गरीब नव्हते आणि शिष्यवृत्त्याही देत होते. मद्रास विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत बाराव्या वर्षी पहिल्या आलेल्या सरोजिनी चट्टोपाध्याय, पुढच्या सरोजिनी नायडू, १८९५ मध्ये निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. त्यांची प्रतिभा असामान्य होती. त्यांचे वडील अघोरनाथ हैदराबादच्या निजाम कॉलेजचे मुख्य होते, हेही खरे. राजधानीत जी बातमी जेवताना कानावर पडते, ती निलंग्याकडच्या गावात पोचायला वर्ष लागते, किंवा पोचतच नाही. त्यात भाषेची भर होती. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. देशी भाषेत विद्यापीठ चालवण्याचा तो धाडसी प्रयोग होता. त्यातील वैज्ञानिक परिभाषेचे काम आजही अभ्यासण्यासारखे आहे. पण मराठी मुलाला ती देशी भाषा परकीच होती.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज, पुढचे मिलिंद महाविद्यालय. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या प्रयत्नाने केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली होती. वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली. १९४४-४५ या पहिल्या वर्षी ११४ विद्यार्थ्यांना तिचा लाभ मिळाला. नंतर अनुसूचित जमातींचा तिच्यात समावेश झाला. या शिष्यवृत्तीची रचना पाहिली, की ती शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाच्या मनातून निघाली हे कळते. तिच्यात फी आहे, आणि फीखेरीज निर्वाह भत्ताही आहे. मिलिंदच्या आवारात वसतिगृह, आणि हातात निर्वाह भत्ता. मराठवाड्याच्या खेड्यांतून एक पूर्ण पिढी कॉलेजात आली ती या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे. मराठी दलित साहित्याच्या इतिहासात मिलिंदचे नाव का येते, त्याचेही एक कारण इथे सापडेल.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफीची सवलत लागू झाली. ‘ई.बी.सी.’ हे तीन अक्षरांचे नाव आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कृतज्ञतेने येई. ही सवलत जात न पाहता होती आणि फार मोठी होती. पण ती फीपुरती होती. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, ती नेमकी उरलेल्या भागासाठी : खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला खोली आणि परवडणारे जेवण. साठच्या दशकात शासनाने विद्यानिकेतने काढली, १९७१-७२ मध्ये केंद्राने ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांसाठी विकास गटवार माध्यमिक शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पुढे १९८५-८६ मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, त्यांतील एक आपल्या अमरावतीला. सहावीपासून राहणे, जेवण, पुस्तके, सर्व विनामूल्य. शालेय पातळीवर पुरी शिष्यवृत्ती म्हणावी अशी देशातील सर्वांत मोठी व्यवस्था हीच. बारावीनंतर मात्र ती हात सोडते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जवळची शिष्यवृत्ती म्हणजे राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध. ‘एनसीईआरटी’ने १९६३ मध्ये दिल्लीपुरत्या १० शिष्यवृत्त्यांनी ती सुरू केली, पुढच्या वर्षी सबंध देशासाठी ३५० झाल्या. मूलभूत विज्ञान शिकत राहिल्यास पीएच.डी.पर्यंत साथ देणारी अशी ही योजना. वृत्ती या शब्दाला शोभणारी. मात्र लेखी परीक्षा इंग्रजीतून होती आणि विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही द्यावा लागे. प्रयोगशाळा असलेल्या शहरी शाळेत हे जमण्यासारखे होते. पुन्हा तेच : नियम सर्वांना सारखे, पण दार एका बाजूला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात योजना बदलली. घटनेतील सर्व भाषांतून परीक्षा देता येऊ लागली, सामाजिक शास्त्रांनाही प्रवेश मिळाला. १९८५ पासून पहिली पायरी राज्यांकडे सोपवण्यात आली. खेड्यातील मुलांची खरी सुरुवात तिथून झाली.

आम्ही स्वतः नव्वदच्या दशकात दहावीत होतो, तेव्हा या परीक्षेचे माहितीपत्रक आमच्या शाळेत पोचले ते अर्जाची मुदत उलटून गेल्यावर. ते कार्यालयाच्या भिंतीवर वर्षभर लटकत होते. दोष नेमका कुणाचा हे शोधण्यात आता अर्थ नाही. कदाचित टपालाचाही असेल. पुढे संशोधनासाठी पाठ्यवृत्ती मिळाली आणि आमचे काम झाले. त्या वर्गात गणितात आमच्यापेक्षा चांगला एक मुलगा होता. तो पुढे शिकला नाही. प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर झालेली नाही. केंद्राकडून पुढील मंजुरी मिळालेली नाही. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. गावातील तिच्या शिक्षकांशी नंतर फोनवर बोलणे झाले आणि आम्ही दोघांनी मिळून कागदावर मांडणी केली. आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षा आहे. ती २००८ पासून सुरू आहे, वर्षाला १२ हजार रुपये नववी ते बारावीपर्यंत मिळतात. हिच्यासाठी ती वेळ गेली होती. आठवीत असताना शाळेत कुणी सांगितले नव्हते, एवढेच ती म्हणाली. बारावीत मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम घेतला, तर ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीचे वर्षाला ८० हजार. त्यांतील २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. जिल्ह्याच्या ठिकाणी साधे बी.एस्‌सी. करायचे तर ही रक्कम आजही जवळजवळ पुरी पडते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला ती मिळत नाही. त्या अभ्यासक्रमांत ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातील मुलींची फी राज्य शासन २०२४-२५ पासून पूर्ण भरते. पण खोली आणि मेस राहतेच. त्यासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’, इतर काही घटकांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा स्वतंत्र योजना आहेत. प्रत्येकीचा अर्ज वेगळा. परदेशी शिक्षणाचा सर्व खर्च, विमानाच्या तिकिटासह, देणारी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे. वर्षाला ७५ जागा. साडेअकरा पौंडांचा खरा वारसा तिच्याकडे.

म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर असे, की एकाच नावाची पुरी शिष्यवृत्ती पदवीसाठी आपल्याकडे क्वचितच असते. दोन-तीन अपुऱ्या जोडून ती पुरी करावी लागते, आणि जोडताना एकीच्या अटीमुळे दुसरी बाद होत नाही ना, हे पाहावे लागते. पैसे बहुधा प्रवेशानंतर काही महिन्यांनी खात्यात येतात. तोवरचे चार-सहा महिने कसे काढायचे हा आकडा आम्ही कागदाच्या शेवटी वेगळा लिहिला. तो सर्वांत अवघड निघाला. त्यावर गावातील एका निवृत्त शिक्षकांनी तेवढ्यापुरती हातउसनी रक्कम देण्याचे कबूल केले आहे.

फोन ठेवता ठेवता सर म्हणाले, की त्यांनी अकरावीच्या सगळ्याच मुलांची बँक पासबुके आणि आधार कार्डे मागवून घेतली आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिली. सात मुलांच्या नावांचे इंग्रजी अक्षरलेखन दोन्हीकडे वेगळे होते, एकाची जन्मतारीख चुकली होती आणि दोघांची खाती बंद पडली होती. अर्ज भरायला अजून वर्ष आहे. दुरुस्त्यांसाठी ते पुढच्या सोमवारी मुलांना घेऊन तहसील कचेरीत जाणार होते.